इतिहासात एम.ए. करताना कर्जाचा हिशोब

इतिहासाला प्रवेश घ्यायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो: नोकरी कुठे लागणार? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. नोकरी लागेपर्यंत किती वर्षं जातील आणि तेवढी वर्षं खर्च कशावर भागणार, हेही तितकंच विचारायला हवं. माझ्या बरोबरीच्या ज्या मुलामुलींच्या डोक्यावर कर्ज चढलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचं कर्ज या मधल्या वर्षांचं होतं. फीचं नव्हतं.

अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची फी फारशी नसते. सरकारी विद्यापीठात एम.ए.ही परवडतं. मी तालुक्याच्या गावी बी.ए. करून एम.ए.ला पुण्यात आले, तेव्हा घरच्यांना फी जड गेली नाही. जड गेलं ते खोलीचं डिपॉझिट, भाडं आणि मेस. म्हणून पहिला सल्ला: प्रवेशाच्या आधी वसतिगृहाची चौकशी करा, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा आणि विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना असेल तर तिथे नाव नोंदवा. तिथे मिळणारे पैसे थोडे असतात, पण मेसच्या बिलाला त्यांचा चांगला हातभार लागतो.

खरा खर्च एम.ए.नंतर सुरू होतो. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास हवी. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी.ची सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७ हजार आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे कर्जाचा प्रश्नच मिटतो. पण जेआरएफ मोजक्यांनाच मिळते. नुसती नेट-सेट झालेल्यांची मोठी रांग तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, उभी आहे. तिथे घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. सुट्टीत काही नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. मीही ते केलं आहे. वर्गात शिकवताना मन भरून यायचं, पण मानधन कधी हातात पडेल हे कुणालाच सांगता यायचं नाही. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० पासून सुरू होतं. बँकेत बसून हप्ता ठरवताना लोक हाच आकडा धरतात आणि तिथेच फसतात. हप्ता भरायचा असतो तो पहिल्या कमाईतून.

शाळेची वाट धरली तर बी.एड.ची दोन वर्षं, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगार नाही, ठरावीक मानधन. २०२३ साली मानधन वाढलं, माध्यमिकला ते महिना १८ हजार झालं.

आता हा आकडा कर्जाशेजारी ठेवून बघा. समजा एखाद्या खासगी विद्यापीठात दोन वर्षांच्या एम.ए.साठी वर्षाला पाच लाख असं दहा लाखांचं कर्ज काढलं, व्याज ११ टक्के. शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून घरात सगळे निश्चिंत असतात. पण व्याज कर्जाची पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चढत असतं. सरळव्याजाने मोजलं तरी तीन वर्षांनी पावणेतीन लाख वर चढलेले असतात. पावणेतेरा लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण साडेसतरा हजार. शिक्षण सेवकाचं अख्खं मानधन बँकेत गेलं! शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते असं एजंट आवर्जून सांगतात. पण जिचं उत्पन्नच करपात्र नाही, तिला ती सवलत काय कामाची?

परदेशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इंग्लंडमधलं एक वर्षाचं इतिहासाचं एम.ए. शिष्यवृत्ती मिळाली तरच करावं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघावी. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डोमेंट नामांकित आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, रक्कम परत करावी लागते. २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांपुरतीच आहे.

मग इतिहासातून कमाई होतच नाही का? होते, पण पदवीला एखादं हातातलं कौशल्य जोडावं लागतं. मला मोडी लिपीने तारलं. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे आणि काही संस्थांचे मोडीचे वर्ग अगदी माफक फीत होतात. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लटकवत नेलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीला नुसतं भिरभिरतं. मग एक दिवस कागदाच्या माथ्यावरचं 'सलास सबैन मया व अलफ' वाचता येतं: तीन, सत्तर, शंभर, हजार. मराठेशाहीच्या कागदांवर असतो तो शुहूर सन, ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२, आणि कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवून १७७३. तिथून कागद बोलायला लागतो. जमिनीच्या वादात, वारसाच्या नोंदीत, देवस्थानांच्या सनदांत असे कागद निघतात आणि वकील, संस्था, घराणी पानामागे पैसे देऊन लिप्यंतर करून घेतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत गरज पडली. हे काम दर महिन्याला सारखं येत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर हप्ता बांधू नका. पण सीएचबीच्या कोरड्या महिन्यांत माझं भाडं त्यानेच भागवलं. मोडी नको असेल तर फारसी शिका, नाहीतर भाषांतर किंवा अभिलेखागारातलं सूचीचं काम शिका. एम.ए. चालू असतानाच शिका, कारण नंतर फुरसत असते पण पैसे नसतात.

तरीही कर्ज घ्यावंच लागलं तर सही करण्याआधी शाखेत बसून विचारून घ्या. मधल्या काळातलं व्याज मुद्दलात कधी मिळवणार? शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर दरात एक टक्का सूट आहे का? बऱ्याच बँका ती देतात, पण आपण होऊन क्वचितच सांगतात. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. त्यापुढे घर किंवा शेत गहाण पडू शकतं, तेव्हा कागदावर वडिलांची सही घेण्याआधी त्यांना हप्त्याचा आकडा दाखवा.