घराचा प्लॅन काढायचाय? आधी जुलै आठवा

गोव्यात घर बांधायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा मोबाईलवर फोटो जमवतो, आणि ते सगळे फोटो डिसेंबरातले असतात, निळं आकाश, मोठी काच, पांढरी भिंत वगैरे. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, म्हणून घर जुलैत कसं वागेल ते आधी बघा.

इंजिनियरकडे जायच्या आधी एक वही घ्या आणि आठवडाभर घरातला प्रत्येकजण खरंच कुठे बसतो, काय करतो ते लिहून काढा. काय करायला आवडेल ते नको, काय करतो तेच लिहा. आमच्या वहीत निघालं की हॉलमधल्या सोफ्यावर पाहुणे सोडून कोणी बसतच नाही, सगळे स्वयंपाकघरात नाहीतर बाहेर बल्कावात (दारासमोरचा बाकं असलेला ओसरीवजा व्हरांडा). मग नव्या घरात हॉल लहान केला आणि बल्काव चांगला ८ फूट खोल घेतला, सकाळी पोदेर म्हणजे पाववाला येतो तेव्हापासून रात्रीच्या गजालींपर्यंत तिथेच असतो आम्ही.

आता पावसाचं. आपल्याकडे पाऊस मुख्य करून नैऋत्येकडून येतो, त्या बाजूला मोठी खिडकी ठेवलीत तर चार महिने ती बंदच राहणार (जुन्या घरात मी हेच केलं होतं, ओट्यावर पाणी यायचं). त्या अंगाला न्हाणी, कोठार असलं काही घ्या आणि छप्पर भिंतीच्या बाहेर निदान ३ फूट येऊ द्या. नुसता सपाट स्लॅब नको हो, वरून उतरतं छप्पर करून मंगळुरी कौलं घाला, गळती कमी, उन्हाळ्यात गारवा आणि मधल्या जागेत माळा मिळतो तो वेगळाच.

कपडे वाळवायला छपराखाली पण वारा खेळेल अशी जागा लागते, ही कुठल्याच फोटोत नसते. तसंच मागच्या दाराशी मासे साफ करायला मोरी हवी, नाहीतर वास घरभर. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरत असाल तर सोलं, मिरच्या, सुकी मासळी ठेवायला कोरडी खोली हवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चवथ, आपली गणेश चतुर्थी!! गणपती कुठे बसणार ते प्लॅनमध्येच ठरवा, कारण माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-भाज्यांची चौकट) टांगायला स्लॅब घालतानाच कड्या सोडाव्या लागतात, नाहीतर मागाहून ड्रिल मारत बसावं लागतं, आणि नारळ, केळीचे घड, काकड्या सगळं धरून वजन काही कमी नसतं. दीड दिवस वीस माणसं पंगतीला बसणार असतील तर दोन खोल्यांमध्ये भिंतीऐवजी घडीचं दार ठेवा, एरवी बंद.

पंचायतीचं लायसन्स, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) वगैरे कागदाचं काम वेगळं, ते इंजिनियर सांगेलच.

प्लॅन हातात आला की जागेवर जाऊन चुन्याने खऱ्या मापाच्या खोल्या आखा आणि घरातल्या सगळ्यांना आत चालायला लावा. ६ फुटी खाट, २ फूट खोल कपाट हेही आखा. आमच्या आईने चुन्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं, "आणि रगडो खंय दवरूं?" (वाटणाचा दगडी रगडा कुठे ठेवू?) कागदावर त्याला जागाच नव्हती, तिथल्या तिथे खिडकी दीड फूट सरकली.