आयरिश अक्षरांवरचा ‘फदा’ कीबोर्डवरून कसा द्यायचा

आयरिश भाषेत ए, ई, आय, ओ आणि यू या पाच स्वरांच्या डोक्यावर कधी कधी एक छोटी तिरकी रेघ असते, उजवीकडे चढत जाणारी. तिला म्हणतात फदा, म्हणजे ‘लांब’. (खुद्द या शब्दात मात्र एकही फदा नाही!) ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत मार खाल्लेल्या मराठी माणसाला ही भानगड लगेच कळते. आपल्याकडे ‘दिन’चा ‘दीन’ झाला की दिवसाचा गरीब होतो, तसंच तिकडे. देशाच्या आयरिश नावातल्या पहिल्या ई वरचा फदा गाळलात, तर आयर्लंडचं ‘ओझं’ होतं. शॉन या नावातल्या ए वरचा गाळलात, तर उरतो ‘म्हातारा’. केकला आयरिशमध्ये साधारण ‘काका’ म्हणतात. त्याचा फदा राहिला तर जो अर्थ निघतो तो वाढदिवसाच्या कार्डावर छापण्याजोगा नाही.

आता कामाचं. विंडोजवर आधी एवढं बघा की तुमच्या लॅपटॉपवर ॲटचं चिन्ह कुठल्या बटणावर छापलं आहे.

ते २ च्या बटणावर असेल, तर बटणं अमेरिकी पद्धतीची आहेत. भारतात घेतलेले लॅपटॉप बहुतेक असेच असतात. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडा. तुमच्या इंग्रजीसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून भाषेचे पर्याय उघडा आणि ‘ॲड अ कीबोर्ड’मधून ‘युनायटेड स्टेट्स–इंटरनॅशनल’ निवडा. आता विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून या कीबोर्डवर या. उजवीकडचा ऑल्ट दाबून ठेवून स्वर दाबला की फदासकट अक्षर उमटतं. मोठं अक्षर हवं असेल तर जोडीला शिफ्ट. मोठ्या अक्षरांवर फदा नसला तरी चालतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

या कीबोर्डची एक खोड आहे. अवतरणचिन्हाचं बटण दाबलं की लगेच काहीच दिसत नाही. ते पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं. पुढे स्वर आला तर त्यावर फदा चढतो. नुसतं चिन्ह हवं असेल तर त्यानंतर स्पेसबार दाबा. पहिले दोन दिवस चिडचिड होते, मग बोटांना सवय लागते.

ॲटचं चिन्ह एंटरजवळच्या बटणावर असेल, तर लॅपटॉप बहुधा आयर्लंड किंवा ब्रिटनमधला आहे. तिथे ‘आयरिश’ कीबोर्ड निवडा. उजवा ऑल्ट अधिक स्वर, इतकं सोपं. हाच कीबोर्ड अमेरिकी बटणांवर घातला तर ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते आणि पासवर्ड बरोबर असूनही चुकतो.

विंडोजच्या ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्डवर मात्र विसंबू नका. तिथे उजवा ऑल्ट आणि ए दाबलं की डोक्यावर आडवी रेघ येते. ती आपले संस्कृत-मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्यासाठी आहे, फदा नव्हे. डावीकडे चढणारी रेघही चालत नाही. ती स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये लागते.

सेटिंग्ज बदलायची परवानगी नसेल, उदाहरणार्थ ऑफिसच्या संगणकावर, तर आकड्यांचा मार्ग आहे. नम लॉक चालू करा, डावा ऑल्ट दाबून ठेवा आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ए साठी ०२२५, ई ०२३३, आय ०२३७, ओ ०२४३, यू ०२५० टाइप करा. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. मोठ्या अक्षरांसाठी वेगळं पाठांतर नको: प्रत्येकातून ३२ वजा करा, म्हणजे ०२२५ चे ०१९३. एखाद्या नावापुरतं हे ठीक आहे. पानभर मजकूर असा लिहू नये. वर्डमध्ये असाल तर त्याहून सोपं: कंट्रोल आणि एकेरी अवतरणचिन्ह एकत्र दाबून सोडा, मग स्वर दाबा.

मॅकवर स्वराचं बटण दाबून धरलं की वर छोटी यादी येते, त्यातून निवडायचं. भरभर लिहिणाऱ्यांनी ऑप्शन आणि ई दाबून सोडावं, मग हवा तो स्वर दाबावा. मॅकमध्ये आयरिश कीबोर्ड घेतला तर ऑप्शन अधिक स्वर पुरतं. फोनवरही बोट दाबून धरायचं, पण पर्यायांच्या गर्दीत नेमकी तिरकी रेघ बघून घ्या.

आयर्लंडमध्ये २०२१ साली भाषा कायद्यात झालेल्या दुरुस्तीत सरकारी संस्थांवर लोकांची आयरिश नावं फदासकट लिहिण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे तिथल्या सहकाऱ्याला ईमेल करताना त्याच्या सहीतलं नाव जसंच्या तसं कॉपी करायलाही हरकत नाही. विमानाच्या तिकिटावर मात्र फदा टाकू नका. पासपोर्टच्या तळाशी यंत्रासाठी ज्या दोन ओळी असतात त्यांत साधी रोमन अक्षरंच चालतात, आणि तिकिटावरचं नाव त्यांच्याशी जुळलेलं बरं.