वस्तरा सॅकमध्ये भरण्यापूर्वी

लांबच्या भटकंतीसाठी सॅक भरायला घेतल्यावर सर्वप्रथम तेलाची लहान बाटली काढून समोर ठेवावी आणि मगच वस्तऱ्याकडे वळावे. हा क्रम उलटा वाटेल. परंतु दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये दोन महिन्यांसाठी मेघालयात निघताना मी वस्तरा, त्याची धार परजायचा चामडी पट्टा, ब्रश, साबण, तुरटी असे सारे निगुतीने भरले होते आणि जेमतेम दहा मिलिलिटर तेल तेवढे घरच्या कपाटात राहिले होते. सोहऱ्यात, म्हणजे आपण ज्याला चेरापुंजी म्हणतो तिथे, वर्षाकाठी सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून-जुलैत कोसळतो. खोलीत वाळत घातलेला पंचा तीन दिवस ओलाच राहतो. पाचव्या सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसले. ते अंगठ्याने पुसून मी तसाच दाढीला बसलो, आणि पहिल्याच हाताला केस कापले जाण्याऐवजी उपटले गेले. वस्तऱ्याची धार मायक्रॉनच्या अंशात मोजावी इतकी बारीक असते, त्यामुळे पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवर, नुसता डाग पाडणारा गंज धारेवर बसला की तिथे खाचच पडते. उरलेले सात आठवडे मी ते निकामी पाते पाठीवर वाहत हिंडलो आणि दाढी गावोगावच्या सलूनमध्ये करून घेतली.

वस्तरा निवडताना मोह आवरावा. घरातला सर्वांत देखणा वस्तरा घरीच ठेवावा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीचा असेल तर तो मुळीच नेऊ नये, कारण सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणारी आम्ले शेजारच्या पोलादाला गंजवतात, आणि बंद, दमट पिशवीत हे काम आणखी वेगाने होते. जर्मनीतल्या झोलिंगेनचे जुने पाते, रुंदी पाच अष्टमांश इंच, मूठ साध्या प्लास्टिकची, एवढे पुरते. स्टेनलेस पात्याचा वस्तरा मिळाल्यास प्रवासापुरता तोच घ्यावा. त्याला धार लावणे जरा कष्टाचे असते, पण तो सहजी गंजत नाही. मात्र स्टेनलेस घेतला म्हणून तेल टाळता येईल असे कोणी समजू नये. पाते जिच्यावर फिरते त्या खिळीपाशी, मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पाणी साचते आणि तिथे स्टेनलेसचीही परीक्षा होते.

विमानाने जाणार असल्यास वस्तरा केबिनच्या सामानात चालत नाही, हे वेगळे सांगायला नको. तरीही सांगतो, कारण पाठीवरच्या एका सॅकवर भागवणाऱ्यांना सामान चेक-इन न करण्याची सवय जडलेली असते. वस्तरा असेल तर सॅक खाली द्यावी लागेल आणि काही तिकिटांवर तिच्या वजनाचे पैसेही भरावे लागतील. ते मान्य नसेल तर आगगाडीने जावे.

आता पुन्हा तेल. कोणते तेल, हा प्रश्न लोक फार हलक्यात घेतात. घरात खोबरेल असते म्हणून तेच बाटलीत भरू नये: साधारण २४ अंशांखाली ते थिजते, आणि सोहऱ्याची किंवा शिलाँगची पावसाळी सकाळ त्याहून थंड असते. शिवाय खाद्यतेले कालांतराने खवट व चिकट होतात, आणि तो चिकटा पट्ट्यावर गेला की पट्टाही बिघडतो. शिलाई यंत्राचे पातळ तेल उत्तम. ते न मिळाल्यास औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन घ्यावे. दुकानदार ते बद्धकोष्ठतेसाठी आहे असे समजून सहानुभूतीने पाहील, तिकडे दुर्लक्ष करावे. थेंबाथेंबाने गळणारी दहा मिलिलिटरची बाटली चार महिने पुरते, कारण एका वेळी एकच थेंब लागतो. तो बोटाच्या टोकावर घेऊन पाठीकडून धारेच्या दिशेने दोन्ही बाजूंना चोळावा. बोट धारेच्या रेषेत फिरवू नये, हे ज्याला सांगावे लागते त्याने वस्तरा न नेलेलाच बरा.

तेलाआधी पाते कोरडे करायचे असते, आणि इथेच घाई होते. मुठीच्या दोन पट्ट्यांमधून टिश्यूची किंवा जुन्या धोतराची चिंधी ओवून खिळीपर्यंत फिरवावी, मग वस्तरा उघडाच अर्धा तास उंचावर ठेवावा आणि त्यानंतर तेल लावावे. सामायिक खोलीत राहणार असाल तर उघडा वस्तरा कुठे ठेवायचा याचा विचार घरूनच करून निघावे. दुसऱ्या सकाळी पट्ट्यावर चढवण्यापूर्वी ते तेल पुसून काढावे. तेल लावणे हे पाते पुसण्याइतकेच रोजचे काम आहे. ज्या दिवशी दाढी केलेली नाही, त्या दिवशीही पावसाळी मुलखात पाते उघडून पाहावे.

पट्टा लांबलचक न्यायचा नाही. न्हाव्याच्या दुकानात आकड्याला टांगलेला असतो तसला पट्टा अडकवायला वसतिगृहात खुंटी मिळत नाही, आणि खिडकीच्या कडीला बांधून ओढताना तो सैल पडला की धार गोल होते. लाकडी फळीवर चिकटवलेला वीतभर पट्टा न्यावा. एका बाजूला साधे चामडे असावे आणि दुसऱ्या बाजूला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावलेली असावी. दाढीपूर्वी साध्या बाजूवर तीस-चाळीस हात मारावेत, नेहमी पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, आणि टोकाला पोचल्यावर पाते पाठीवरूनच उलटून. दाढी करताना पाते अडखळू लागले, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी, हिरव्या बाजूवर दहा हात पुरतात. फळीची साधी बाजू उघडी राहू नये म्हणून तिच्यावर स्वच्छ कापड गुंडाळावे; हिरवी भुकटी तिथे पोचली की त्या बाजूचा उपयोग संपला. कमरेचा पट्टा वापरता येईल अशी फुशारकी मारणारे भेटतात. बाजारातल्या बहुतेक पट्ट्यांना कडेने शिवण आणि वर पॉलिशचा थर असतो. त्यावर वस्तरा घासून पाहावाच, म्हणजे फुशारकी आपोआप थांबते.

निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, नेऊ नये. तो जड असतो, भिजवावा लागतो आणि पावसाळी खोलीत वाळत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी धार नीट लावून घ्यावी आणि घरीच दोन-तीन दाढ्या करून ती पडताळून पाहावी. आदल्या रात्री लावलेल्या धारेवर विसंबून निघणे म्हणजे नवा बूट घालून गड चढण्यासारखे आहे.

ब्रश कृत्रिम केसांचा घ्यावा, कारण बॅजर या प्राण्याच्या केसांना वाळायला फार वेळ लागतो आणि ओला ब्रश डब्यात कोंडला की त्याला बुरशीचा वास येतो. साबण कांडीच्या स्वरूपातला असावा. क्रीमची ट्यूब सॅकमध्ये दाबली जाऊन फुटते. पाणी जड असेल तर फेस धरत नाही, तेव्हा पावसाचे पाणी धरून तेच वापरावे, सोहऱ्यात त्याची कमतरता नाही. तुरटी कुठल्याही किराणा दुकानात मिळते. आरसा न तुटणारा घ्यावा. पंचा आहेच.

भरताना वस्तरा चामड्याच्या म्यानात घालू नये. माझी दुसरी चूक हीच होती आणि तिने पहिलीला हात दिला: चामडे हवेतला ओलावा शोषते आणि तो पात्याशी चिकटवून ठेवते. तेल लावलेले पाते मिटवावे, ते चुकून उघडू नये म्हणून वरून रबर लावावे, सुती कापडात गुंडाळावे आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. डब्यात ब्रश घालू नये. तेलाची बाटलीही त्या डब्यात नको. ती वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पण डब्याला चिकटूनच असावी, म्हणजे डबा काढला की बाटली हाती लागते आणि विसरायला सबब उरत नाही.

एवढे करूनही गंज चढलाच, तर हट्ट सोडून अर्धे ब्लेड बसवण्याचा न्हाव्याचा वस्तरा विकत घ्यावा; ब्लेड कुठल्याही टपरीवर मिळते. बाकी दाढीनंतरचे लोशन, कापूस, चिकटपट्टी वगैरे ज्याचे त्याने पाहावे. घराला कुलूप लावण्याआधी सॅकचा वरचा कप्पा उघडून तेल आहे का ते पाहावे, आणि बाटली उलटी धरून झाकण गळत नाही ना, हेही पाहावे.