पार्टिशन फंक्शनवरून नायट्रोजनची एन्ट्रॉपी: कुठे चुकतं आणि कितीने

कॅनॉनिकल पार्टिशन फंक्शन, म्हणजे वायूच्या सगळ्या शक्य अवस्थांची ती बेरीज जिच्यावरून एन्ट्रॉपी निघते, थोडक्यात कॅपिटल क्यू, प्रत्यक्ष आकड्यात काढायच्या फंदात पडू नका. २५ अंश सेल्सिअस आणि १ बार दाबाला एक मोल नायट्रोजन घेतला, तर क्यू हा १० चा साधारण ५.४ × १०^२४ वा घात येतो. एक्सेल तर ७१० चं एक्सपोनेन्शियल मागितलं तरी एरर देतं. काढायचा असतो क्यूचा नैसर्गिक लॉग, तोही दर रेणूमागे. नायट्रोजनसाठी तो २०.५ आहे. इथून पुढे ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक लॉगच.

व्याख्या सर्वांना पाठ असते: कण, घनफळ आणि तापमान ठरलेलं, प्रत्येक अवस्थेसाठी उणे ऊर्जा भागिले केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान), त्याचं एक्सपोनेन्शियल, आणि सगळ्यांची बेरीज. बेरीज अवस्थांवर आहे, पातळ्यांवर नाही. एका पातळीत तीन अवस्था असतील तर ते पद तीनदा धरायचं. वायू विरळ असेल तर कॅपिटल क्यू म्हणजे एका रेणूच्या स्मॉल क्यूचा एनवा घात, भागिले एन फॅक्टोरियल (एन म्हणजे रेणूंची संख्या). आणि स्मॉल क्यूचे चार तुकडे पडतात: सरकणं, फिरणं, कंपन आणि इलेक्ट्रॉन. एन्ट्रॉपी म्हणजे कॅपिटल क्यूचा लॉग गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक, अधिक आंतरिक ऊर्जा भागिले तापमान.

सुरुवातीलाच एक आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: १.४३८८. स्पेक्ट्रोस्कोपीच्या तक्त्यांत सगळं ‘प्रति सेंटिमीटर’मध्ये असतं, त्याला १.४३८८ ने गुणलं की थेट केल्विन मिळतात. प्लँक आणि प्रकाशवेग घेऊन दरवेळी एकक बदलत बसणं म्हणजे चुकीला आमंत्रण.

सरकण्याचा भाग. रेणूचं वस्तुमान ४.६५२ × १०^−२६ किलो. २९८.१५ केल्विनला केटी ४.११६ × १०^−२१ जूल. प्लँक स्थिरांक भागिले (२ पाय × वस्तुमान × केटी) चं वर्गमूळ, ही झाली औष्णिक तरंगलांबी: १.९१ × १०^−११ मीटर. तिचा घन ६.९७ × १०^−३३ घनमीटर. १ बारला एका रेणूच्या वाट्याला येणारी जागा, म्हणजे केटी भागिले दाब, ४.११६ × १०^−२६ घनमीटर. दोन्हींचं गुणोत्तर ५९ लाख, त्याचा लॉग १५.५९. यात अडीच मिळवून आरने (वायू स्थिरांकाने) गुणलं की १५०.४ जूल प्रति मोल प्रति केल्विन. हेच साकुर आणि टेट्रोडे यांचं १९१२ चं सूत्र. अडीचमधला दीड ऊर्जेतून येतो आणि एक एन फॅक्टोरियलमधून.

फिरण्याचा भाग. नायट्रोजनचा फिरण्याचा स्थिरांक १.९९८ प्रति सेंटिमीटर, म्हणजे २.८७५ केल्विन. तापमान भागिले हा आकडा १०३.७. नायट्रोजनची दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे सिमेट्री नंबर (एका फेरीत रेणू किती वेळा हुबेहूब तसाच दिसतो तो आकडा) २, त्याने भागून उरले ५१.८५. लॉग ३.९५, अधिक १, गुणिले आर: ४१.१. ही सरळ भागाकाराची सोय हायड्रोजनला लावू नका. त्याचं फिरण्याचं तापमान ८५ केल्विनच्या वर आहे, तिथे पातळ्यांची खरी बेरीजच करावी लागते आणि ऑर्थो-पॅरा, म्हणजे अणुकेंद्रांच्या स्पिननुसार पडणारे दोन प्रकार, वेगळे धरावे लागतात.

कंपनाला फार वेळ देऊ नका. नायट्रोजनचं कंपन ३,३९३ केल्विनचं, क्यू येतो १.००००१. आयोडीनचं मात्र ३०९ केल्विनचं. तिथे क्यू १.५५ होतो आणि तो सोडून चालत नाही.

इलेक्ट्रॉनांचा भाग नायट्रोजनला १, ऑक्सिजनला ३. नायट्रिक ऑक्साइड नेमका इथे फसवतो: त्याच्या खालच्या दोन पातळ्यांत फक्त १७४ केल्विनचं अंतर, दोन्हींत दोन-दोन अवस्था. २९८ केल्विनला क्यू ३.११ येतो. पण त्याचा लॉग गुणिले आर घेऊन थांबलात तर एन्ट्रॉपी ९.४ येते. वरच्या पातळीत गेलेल्या रेणूंची ऊर्जा भागिले तापमान हेही मिळवायचं असतं, मग ११.२ होतात.

नायट्रोजनची बेरीज १९१.६. प्रमाण तक्त्यातही १९१.६ च आहे.

तुमचं उत्तर जुळत नसेल तर सगळं खोडून पुन्हा मांडू नका. आधी फरक किती आहे ते बघा, कारण इथे प्रत्येक चुकीचा आकडा ठरलेला असतो. ५.७६ ने जास्त आलं? सिमेट्री नंबर विसरलात. हा आर गुणिले २ चा लॉग. ३८.३ ने जास्त आलं तर फिरण्याच्या स्थिरांकात सेंटिमीटर-मीटरचा घोळ आहे, ८६ ने आलं तर वस्तुमान ग्रॅममध्ये टाकलंय. एन फॅक्टोरियल गाळलं तर थेट ४४७ चा फरक. ०.११ इतकाच फरक असेल तर कुणीतरी बारऐवजी ॲटमॉस्फियर घेतलंय.

८.३१ चा फरक जरा अवघड, कारण तो तीन वाटांनी येतो. कमी आलं असेल तर एन फॅक्टोरियलच्या लॉगसाठीच्या स्टर्लिंग सूत्रातला उणे एन गळलाय किंवा फिरण्याचा ‘अधिक १’ राहिलाय. जास्त आलं असेल तर ऊर्जा काढायला केलेलं क्यूच्या लॉगचं विकलन चुकलंय: घनफळ स्थिर ठेवून तापमानाने विकलन करायचं असतं, पण शीटमध्ये घनफळाच्या जागी एन-केटी भागिले दाब बसवलं की तापमानाचा एक घात जादा घुसतो. तपासायचं असेल तर आंतरिक ऊर्जा काढा. ६.२० किलोजूल प्रति मोल यायला हवी, ८.६८ आली तर हाच दोष.

ऊर्जेचा शून्य कुठेही धरा, पण सगळीकडे एकच. कंपनाचा शून्य सर्वांत खालच्या पातळीवरून ऊर्जेच्या आलेखातल्या खड्ड्याच्या तळाशी नेला तर नायट्रोजनच्या आंतरिक ऊर्जेत १४ किलोजूल वाढतात, एन्ट्रॉपी मात्र जागची हलत नाही. हलली तर ऊर्जेचं पद कुठेतरी गळलंय. क्वांटम प्रोग्रॅममधली एकूण ऊर्जा तशीच एक्सपोनेन्शियलमध्ये टाकणं हा दुसरा प्रकार: नायट्रोजनचे उणे १०९ हार्ट्री (अशा प्रोग्रॅमचं ऊर्जेचं एकक) भागिले केटी म्हणजे सुमारे १ लाख १५ हजार, शीट तिथेच झोपते. सर्वांत खालची ऊर्जा आधी वजा करा.

कार्बन मोनॉक्साइडचं गणित जरूर करून बघा. वजन जवळपास तेच, सिमेट्री नंबर १, उत्तर १९७.६. उष्णता मोजून काढलेली एन्ट्रॉपी मात्र चार-पाच जूल कमी येते, आणि दोष तुमच्या शीटचा नसतो. स्फटिक थंड होताना रेणू उलटसुलट अडकून पडतात, तो गोंधळ शून्य केल्विनपर्यंत तसाच राहतो आणि उष्णतेच्या मोजमापात धरला जात नाही.

आता तक्त्याबाहेरच्या तापमान-दाबाचं एक उदाहरण, इंदूरचं. गणित होळकर सायन्स कॉलेजात करा की खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात (तिथल्या विद्यापीठात), तक्ता १ बारचाच असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, दाब ०.९५ बारच्या आसपास. मे महिन्यातले ४० अंश धरले तर तापमानाचे १.४३ आणि दाबाचे ०.४३ मिळवून शुद्ध नायट्रोजनची एन्ट्रॉपी १९३.५ होते. हे झालं नायट्रोजन एकटाच असेल तर. खिडकीबाहेरच्या हवेतल्या नायट्रोजनचा आंशिक दाब ०.७४ बारच असतो, तेव्हा ०.४३ ऐवजी २.५ धरा, उत्तर १९५.५.