लंडन बघताना दमछाक होते? या चुका टाळा

पहिल्या खेपेला आईला घेऊन लंडनला गेलो होतो. चौथ्या दिवशी टॉवर ब्रिजवर ती म्हणाली, "आता मला काही दाखवू नकोस, कुठेतरी बसव." कुठे बसवायचं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी एका कॉफीच्या दुकानात, दाराजवळच्या स्टुलावर तिला बसवलं. दर मिनिटाला दार उघडायचं आणि गार वारा आत यायचा.

निवांतपणा संध्याकाळसाठी राखून ठेवला, ही माझी मोठी चूक. चार ते सातच्या दरम्यान ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या मेट्रोत, ऑफिसं सुटल्याची गर्दी असते. आपल्या लोकलची आठवण येते. बसायचं ते दुपारच्या आतच. टॉवर ऑफ लंडन सकाळी उघडल्या उघडल्या बघा आणि तिथून दहा-बारा मिनिटं चालत 'सेंट डनस्टन इन द ईस्ट'ला या. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात हे चर्च पडलं, वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने बांधलेला मनोरा आणि बाजूच्या भिंती तेवढ्या वाचल्या. आता आत बाग आहे. छप्पर नाही, खिडक्यांच्या रिकाम्या कमानींतून वेल आत शिरलेत, मधोमध छोटं कारंजं आणि भोवती बाकं. शेजारच्या रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर येते, पण अंगावर येत नाही. आईला दुसऱ्या खेपेला इथेच आणलं, अर्धा तास ती कारंज्याकडे बघत बसली, मग स्वतःच म्हणाली, "चल, आता काय बघायचंय?"

मात्र साडेबारा ते दोन इथे जाऊ नका. आसपासच्या ऑफिसांतली मंडळी डबे घेऊन येतात आणि बाकं भरतात.

वार न बघता जाणं ही दुसरी चूक. शनिवार-रविवारी 'सिटी' हा लंडनचा जुना, ऑफिसांचा भाग ओस पडतो म्हणून लोक हौसेने जातात, पण तिथली बरीच चर्चं तेव्हा बंद असतात. इनर टेंपल या वकिलांच्या जुन्या संस्थेची सुंदर बाग तर फक्त कामाच्या दिवशी, भर दुपारी थोडा वेळ उघडते. याउलट ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत चालू असतं. सकाळी रोझेटा स्टोन या इजिप्तच्या प्राचीन शिलालेखाभोवती मोबाईलची भिंत उभी असते. शुक्रवारी संध्याकाळी जा, तोच दगड जवळून बघता येतो.

सेंट पॉल्स या मोठ्या चर्चचं तिकीट महाग वाटतं म्हणून बाहेरूनच फोटो काढून परतू नका. बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचला तिथे 'इव्हनसाँग' ही गायनप्रार्थना असते. प्रवेश फुकट, फोटोला मनाई. उशिरा घुसून, मोठ्याने बोलत जागा शोधू नका. आपली मंडळी इथे हमखास चुकतात.

हाइड पार्कातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी खुर्च्या दिसल्या की आपण बिनधास्त बसतो. त्यांना भाडं पडतं. बाकं आणि हिरवळ फुकट.

आणि चॉक फार्म स्टेशनजवळ उतरून 10, किंग हेन्रीज रोडला जाणार असाल, तर वेळा आधी तपासा. 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर घेतलं. टॅक्सी थांबवून, दारात फोटो काढून लगेच निघणारे पुष्कळ. गल्ली शांत आहे, जवळच प्रिमरोज हिलची टेकडी आहे. दोन्ही मिळून अर्धा दिवस ठेवा.