संघटनेशी संलग्न व्हावं का? कराटे शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

माझी एक विद्यार्थिनी आठ वर्षं शिकून ब्लॅक बेल्ट झाली आणि कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या वर्गात तिने माझ्या सहीचं प्रमाणपत्र दाखवलं. सरांनी तिचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, पाहिला, चांगला आहे म्हणाले, आणि तिला एक पायरी खाली, ब्राउन बेल्टच्या रांगेत उभं केलं. प्रमाणपत्रावरच्या नावाला त्यांच्याकडे काही आधार नव्हता. रात्री तिचा फोन आला. "मॅडम, मग आता मी नेमकी कोण?" तोवर मी कुठल्याही संघटनेत नव्हते आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

नंतर मी एका संघटनेत गेले, तीन वर्षांनी बाहेर पडले, आता दुसरीत आहे. म्हणून कोणी विचारलं तर सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. आधी एक काम सांगते. आपल्या तीन विद्यार्थ्यांची नावं कागदावर लिहा: एक स्पर्धेत उतरू पाहणारा, एक कधीतरी गाव सोडून जाणारा, एक केवळ व्यायाम आणि स्वसंरक्षणासाठी येणारा. प्रत्येकाच्या नावापुढे, त्याला तुमच्याबाहेरच्या कोणाकडून काय लागणार आहे, ते लिहा. तिसऱ्याच्या नावापुढे बहुतेक काहीच येणार नाही. तुमचा सगळा वर्ग असाच असेल तर घाई करू नका.

पुढची पायरी: समोरची संघटना नेमकं कोणतं काम करते ते ओळखा. 'दान', म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, देणं हे एक काम, स्पर्धा भरवणं हे दुसरं. तायक्वांदोत हा फरक स्पष्ट दिसतो. दानची प्रमाणपत्रं कोरियातली कुक्कीवॉन ही संस्था देते, ऑलिम्पिकमधल्या लढती वर्ल्ड तायक्वांदो या संघटनेच्या नियमांनी होतात, आणि १९६६ साली सुरू झालेल्या आयटीएफचे (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशनचे) पॅटर्न, म्हणजे तायक्वांदोतले काता, या दोघांहून वेगळे आहेत. आयटीएफच्या वर्गात घडलेल्या मुलाला ऑलिम्पिकची आशा दाखवली तर पुढे त्याची फसगत होते. कराटेत स्पर्धांसाठी वर्ल्ड कराटे फेडरेशन आहे, तर दान बहुतेक ठिकाणी ज्या त्या शैलीची संघटना देते. आणि ऑलिम्पिकच्या नावाने संलग्नता देऊ करणाऱ्याला शांतपणे आठवण करून द्या: कराटे २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या खेळांत होतं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं. नावात 'जागतिक' आहे यावरही जाऊ नका. शेजारच्या दोन-तीन वर्गांत त्यांचा बेल्ट मान्य होतो का, ते स्वतः जाऊन विचारा.

आता संघटनेची घटना आणि नियमावली. ती मागून घ्या आणि बाहेर पडण्याचं कलम सगळ्यात आधी वाचा. मी वाचलं नव्हतं. पहिल्या संघटनेच्या करारात वर्गाचं नाव आणि विद्यार्थ्यांची नोंदवही संघटनेच्या मालकीची होते असं लिहिलं होतं, आणि खाली माझी सही होती. बाहेर पडताना वर्गाचं नाव बदलावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे, मुलांनी कष्टाने मिळवलेले बेल्ट 'आता ग्राह्य नाहीत' अशी पत्रं थेट त्यांच्या घरी गेली. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते समजावताना मला शब्द सापडत नव्हते. तेव्हा हे लेखी घ्या: दिलेला बेल्ट, शिक्षकाने संघटना सोडली तरी, विद्यार्थ्याचाच राहील. एवढं द्यायला जी संघटना तयार नाही, तिच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

त्याच कागदात आणखी पाहायचं ते असं. निवडणूक होते का, हिशेब तपासलेला असतो का, दुसऱ्या शैलीच्या शिबिराला जायला बंदी आहे का. प्रमुख गेल्यावर कोण, हेही विचारा. संकोच वाटतो, पण विचारा. क्योकुशिन या कराटे शैलीचे संस्थापक मासुतात्सु ओयामा १९९४ मध्ये वारले आणि क्योकुशिन अनेक गटांत विभागलं गेलं. कोणाबरोबर राहायचं, हा प्रश्न तेव्हा वर्गावर्गांत उभा राहिला.

लहान मुलं शिकवत असाल तर माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न तक्रारीचा आहे. एखाद्या शिक्षकाच्या वागण्याबद्दल पालकांची तक्रार आली तर ती कोण ऐकतं? तो शिक्षक त्यांच्यातलाच असेल तर? स्वतंत्र समिती, ठरलेली मुदत आणि चौकशी चालू असेपर्यंत त्या शिक्षकाला वर्गापासून दूर ठेवण्याचा नियम, हे तिन्ही हवं. 'आमच्याकडे असं होत नाही' हे उत्तर मिळालं की मी उठून येते. विम्याचं मात्र सोपं आहे: पॉलिसीची प्रत मागा, तुमचा वर्ग आणि सरावातली दुखापत त्यात येते का, ते बघा.

पैशाबद्दल एवढंच, की वर्षाची वर्गणी छोटी दिसते. खरा भार बेल्ट परीक्षेच्या फीचा, सक्तीच्या शिबिरांचा आणि त्यांच्याकडूनच घ्याव्या लागणाऱ्या गणवेशाचा असतो. एका मुलाचा व्हाइट ते ब्लॅक बेल्टपर्यंतचा सगळा खर्च मांडा आणि तो कागद सही करण्याआधी पालकांना दाखवा.

त्यांची एक बेल्ट परीक्षा न सांगता जाऊन पाहा. मी पाहिलेल्या एका परीक्षेत चाळीस मुलं तासाभरात पास झाली. दुसऱ्या ठिकाणी परीक्षकांनी एका मुलाला हेइआन योंदान हा काता तीनदा करायला लावला, नापास केलं, आणि नंतर खाली बसून त्याच्या मागच्या पायाची टाच का उचलली जाते ते दाखवलं. सध्या मी त्याच संघटनेत आहे.

आणि संलग्न व्हा किंवा नका होऊ, स्वतःची नोंदवही ठेवा. तारीख, काता, कुमिते (जोडीदाराशी लढत), कोणी तपासलं, सोबत चित्रफीत. मूळ वही तुमच्याकडे, संघटनेकडे फक्त प्रत. माझ्या वहीत त्या मुलीच्या पानावर ब्लॅक बेल्टच्या दोन तारखा आहेत. पहिल्या तारखेपुढे माझी एकटीची सही आहे. दुसरीपुढे तीन परीक्षकांच्या सह्या आहेत, आणि ते तिघे मला त्या दिवसापर्यंत ओळखतही नव्हते.