गिटार घ्यायचा गॅस झाला की आधी स्टीलची पट्टी शोधा

रात्रीचे साडेबारा, घरातले सगळे झोपलेत, फॅन गरगरतोय आणि तुम्ही मोबाईलवर एका गिटारचे फोटो मोठे करून बघताय, तेच आठ फोटो, कालही तेच बघितले होते, आणि कोपऱ्यात तीन गिटारी उभ्या आहेत ज्यातल्या दोघींच्या तारा गंजल्यात. असं होत असेल तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. मी लातूरचा, बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, घरात सध्या पाच गिटारी आहेत (सात होत्या), म्हणजे मी काय बरा झालेला पेशंट नाही, पण दुखणं कसं चढतं कसं उतरतं एवढं कळायला लागलंय.

ह्याला नावसुद्धा आहे बरं का. स्टीली डॅन ह्या अमेरिकन बँडचा वॉल्टर बेकर, त्याने १९९४ मध्ये 'गिटार प्लेअर' मासिकात ह्यावर मस्त लिहिलं होतं, गिटार अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम, म्हणजे सारखी नवी गिटार घ्यावी वाटायचं दुखणं, शॉर्टमध्ये जी ए एस, म्हणजे गॅस. पुढे पेडल, अ‍ॅम्प सगळंच त्यात आलं म्हणून लोक गिटारच्या जागी गिअर म्हणायला लागले. मी मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं की मला गॅस झालाय, तर तिने ओवा आणि काळं मीठ आणून दिलं. खाल्लं. फरक पडला नाही.

मग मी दुकानातल्या जुन्या खतावणीच्या मागच्या पानांवर लिहायला सुरुवात केली, कुठली गिटार घ्यावी वाटली, कधी, आणि त्या दिवशी काय झालं होतं. तुम्हीपण हेच आधी करा, बाकी सगळं नंतर. दोन वर्षांत माझ्या अकरा नोंदी झाल्या आणि बघितलं तर बहुतेक सगळ्या तीनच वेळेला, मे महिन्यात, जुलै-ऑगस्टमध्ये आणि दसरा-दिवाळीच्या मधे. दिवाळीचं कारण सरळ आहे, सोयाबीन आडतीवर जातं, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) होते, माझी उधारी वसूल व्हायला लागते आणि नेमके त्याच पंधरा दिवसांत सगळीकडे ऑनलाईन सेल लागलेले असतात. खिसा गरम असला की बोटं शिवशिवतात. पण मे आणि जुलैचं काय, तेव्हा तर माझ्याकडे पैसेपण नसतात? ते समजायला मला लई दिवस लागले.

ते कारण आपली हवा आहे. गिटारला हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, हवा भाजल्यासारखी कोरडी, लाकूड आकसतं. अ‍ॅकॉस्टिक गिटारची (बिनविजेची, लाकडी पेटीवाली) वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या काड्या) जवळ येतात आणि खर्रर्र वाजायला लागतात, फ्रेटबोर्ड (मानेवरची फळी) आकसला की फ्रेटची टोकं बाजूने बाहेर येतात, हात वरखाली केला की करवतीवरून फिरवल्यासारखं वाटतं. मग पाऊस लागला की उलटं, लाकूड फुगतं, तारा वर जातात, दाबून दाबून बोटं दुखतात. दोन्ही वेळेला आपल्याला वाटतं ही गिटारच बेकार आहे, चांगली घ्यायला पाहिजे. म्हणजे घ्यावी वाटायलीय नवी, पण दुखतंय जुनीचं. सॉलिड टॉपवाल्या (वरची फळी अखंड लाकडाची) महाग गिटारीला हा त्रास जास्त होतो, लॅमिनेट प्लायवाल्या स्वस्त गिटारीला कमी, त्यामुळे महाग घेऊन त्रास सुटेल असंही नाही, वाढू शकतो.

आणि कूलर. कूलरच्या झोतात गिटार ठेवू नका हो. रात्रभर ओली हवा आणि दिवसा पत्रा तापलेला, त्या लाकडाने करावं तरी काय. कपाटाच्या आतल्या बाजूला, केसमध्ये, आणि उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती डबी केसमध्ये टाकायची, दोन-तीन दिवसांनी बघायचं. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर दोन-तीनशे रुपयांत येतं, एक घेऊन केसमध्येच ठेवा.

तर गॅस झाला की पहिलं काम, स्टीलची पट्टी शोधणे. पोरांच्या कंपासमधली चालते. गिटार ट्यून करा, बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. अ‍ॅकॉस्टिकला जाड तारेखाली अडीच मिलीमीटर आणि सगळ्यात बारीक तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक आहे. साडेतीन-चार असेल तर तुमचा एफ कॉर्ड (ज्यात एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या, म्हणजे बार धरायचा) न वाजण्यात तुमचा दोष अर्धाच. मग मान बघा. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा, दुसऱ्या हाताने जिथे मान बॉडीला मिळते तिथे दाबा, आता तार म्हणजेच एक सरळ पट्टी झाली, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट पाहिजे. फटच नसेल तर मान मागे वाकलीय, जास्त असेल तर पुढे. ट्रस रॉडने (मानेच्या आतली सळई) हे सुधारतं, मान पुढे वाकली असेल तर तो घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, मागे वाकली असेल तर उलटा, पण पाव फेरा फक्त, मग तारा परत ट्यून करून एक रात्र सोडून द्यायचं आणि सकाळी बघायचं. हात थरथरत असेल तर करू नका, सेटअप करणाऱ्याकडे (मान आणि तारांची उंची नीट लावून देतो तो) न्या. माझ्या यामाहा एफ ३१० ला सेटअपचे आठशे रुपये लागले आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी अठरा हजाराची एक गिटार जवळजवळ मागवलीच होती.

आणि तारा बदला, आधी तेच. गंजलेल्या तारा सुरात राहत नाहीत, कितीही ट्यून करा. तारा काढल्याच आहेत तर फ्रेटबोर्ड पुसून घ्या. तो रोझवूडचा असेल तर ते आपलंच शिसव आहे, भारतातलं शिसव जगभरच्या गिटारीत जातं, आजीच्या पलंगाचं आणि ह्याचं लाकूड एकच. त्यावर फ्रेटबोर्डसाठी मिळतं ते लेमन ऑइल दोन-चार थेंब फडक्यावर घेऊन पुसायचं, वर्षातून दोनदा बास. मेपलच्या पांढऱ्या फ्रेटबोर्डवर नाही लावायचं. आणि घरचं करडीचं तेल तर अजिबात नको, मी लावलंय, करडीचं तेल हवेत वाळून चिकट होतं, आठ दिवसांनी फ्रेटबोर्डला धूळ आणि मुंग्या दोन्ही.

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. नांदेडचा माझा एक दोस्त, त्याने फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटसारखी सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणारा भाग, एकाच वेटोळ्याचा) गिटार घेतली, घरी लावली की हम्म्म. लाईनची ५० हर्ट्झची गुणगुण सिंगल कॉइल पकडतंच, तो त्याचा स्वभाव आहे, म्हणून तर गिब्सन कंपनीवाल्यांनी दोन कॉइल उलटसुलट जोडून हमबकर काढला, ज्यात ती गुणगुण एकमेकीला मारते. पठ्ठ्याने लगेच हमबकरवाली दुसरी गिटार घेतली. आवाज कमी झाला पण गेला नाही, एक चरचर राहिलीच. शेवटी वायरमनने बघितलं तर घराचं अर्थिंगच मेलेलं, उन्हाळ्यात खड्डा वाळून खडखडीत. खड्डा उकरून मीठ-कोळसा भरला, दोन बादल्या पाणी ओतलं, चरचर गायब. मला फोन करून म्हणाला, "भाऊ, चौदा हजाराचं पाणी पडलं बघ." म्हणून हमचा वैताग येऊन नवीन गिटार बघत असाल तर आधी अर्थिंग तपासा, गिटारसाठी नाही तर फ्रिजसाठी तरी.

समजा गिटार ठणठणीत आहे, तरी घ्यावीच वाटतेय. मग स्वतःला विचारा की नेमका कुठला आवाज पाहिजे जो आहे त्यात निघत नाही. "भारी दिसते" हे उत्तर मी धरतो, खोटं कशाला बोलू, पण तेवढंच उत्तर असेल तर तसं वहीत लिहा. आवाजच पाहिजे असेल तर बरेच स्वस्त मार्ग आहेत. तीन-चारशेचा कॅपो (मानेवर लावायचा चिमटा), चौथ्या-पाचव्या फ्रेटला लावला की तीच गिटार लहान बहिणीसारखी बोलते. जाड तार ई वरून डी ला उतरवा, ड्रॉप डी, फुकट आहे. पिक (तार छेडायचा तुकडा) बदला, जाड-पातळ, ह्याने केवढा फरक पडतो ते बघून मला स्वतःचा राग आला होता.

आणि माझा आवडता उपाय म्हणजे नॅशव्हिल ट्युनिंग, हा घरात पडीक गिटार असणाऱ्या प्रत्येकाने करून बघावा. बारा तारांच्या गिटारचा सेट आणायचा. त्यातल्या ई ए डी जी ह्या चार स्वरांच्या बारीक तारा, ज्या एक सप्तक वर असतात, त्या नेहमीच्या जाड तारांच्या जागी लावायच्या, बी आणि वरचा ई नेहमीसारखेच. साधा जी कॉर्ड मारा, काचेच्या बांगड्या वाजल्यासारखं होतं. पाकिटात उरलेल्या तारांचा हलका नेहमीचा सेट होतो, म्हणजे एका पैशात दोन. फक्त ती बारीक जी तार लई नाजूक असते, ट्यून करताना तोंड लांब ठेवा. माझ्या बारा तारांच्या गिटारची नोंद ह्यानेच खोडली गेली.

एफचं पण सांगून टाकतो. माझ्या चार नोंदींच्या शेजारी "एफ" लिहिलेलं आहे. म्हणजे त्या दिवशी एफ अडला होता, आणि आपल्यात म्हणच आहे, नाचता येईना अंगण वाकडं. जास्त बोलत नाही, रोज दहा मिनिटं, पाचव्या फ्रेटवर बार धरायची सवय करा, तिथे तारा मऊ लागतात, मग एकेक फ्रेट खाली या.

घरच्यांपासून लपवायचं नाही, जमतच नाही. "ही जुनीच आहे" हे वाक्य मी वापरून बघितलंय, बायको म्हणाली, "जुनीला कपाटात बघून आलेय मी आत्ता." त्यापेक्षा एक आली तर एक जाणार हा नियम ठेवा. विकताना आपण लावलेल्या जिवाचे पैसे मिळत नाहीत, अर्धे आले तरी खूप, म्हणून मी एक विकली आणि एक भाच्याला दिली, तो रोज वाजवतो, माझ्याकडे वर्षभर उभी होती.

आता एवढं करून, वहीत लिहून एक हंगाम जाऊ देऊन, म्हणजे मे मधे वाटली तर दिवाळीपर्यंत, दिवाळीत वाटली तर तूर निघेपर्यंत थांबून, तरी मन हटत नसेल तर घ्या. पण बैल घेतात तशी घ्या. आमचे तात्या हाळीच्या जनावरांच्या बाजारातून देवणी बैल आणायचे, मी लहानपणी सोबत जायचो. रंग-शिंगं बघून मी लगेच हा घेऊ म्हणायचो आणि तात्या आधी त्याला चालवून बघायचे, मग दात, मग खूर, मालक बोलत असायचा आणि तात्या ऐकतच नसायचे. भाव शेवटी, रुमालाखाली बोटं धरून. गिटारचंही तसंच करा. आधी हेडस्टॉककडून (खुंट्या असतात ते टोक) एका डोळ्याने मानेवर नजर टाका, पिळलेली आहे का, वाकलेली ट्रस रॉडने नीट होते पण पिळलेली नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, लाजू नका, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. ब्रिजच्या (पेटीवर तारा अडकवतात ती पट्टी) मागच्या कडेखाली कागद सरकतोय का बघा, सरकला तर ब्रिज सुटायला लागलाय, ठेवून द्या. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून) वाजवा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही जुळले पाहिजेत, नव्या तारांवरसुद्धा जुळत नसतील तर वरच्या फ्रेटवर ती बेसूर वाजणार. इलेक्ट्रिक असेल तर सगळे नॉब फिरवा, खरखर होते का, आणि पट्टा लावून पंधरा मिनिटं उभं राहा, गिब्सनच्या लेस पॉल प्रकारातली गिटार चार किलोच्या आसपास भरते, सोफ्यावर ते कळत नाही. तुमचा हात लहान असेल तर एक बघा, फेंडर प्रकारात तारेची लांबी साडेपंचवीस इंच असते आणि गिब्सन प्रकारात पावणेपंचवीस, पाऊण इंच म्हणजे काही नाही असं वाटतं पण पहिल्या चार फ्रेटवर बोटांना कळतं.

लातुरात एवढं सगळं हाताळायला मिळत नाही, मी हैदराबाद किंवा पुण्याला जातो. ऑनलाईन घेतली तर आली त्याच दिवशी हे सगळं करा, परत करायची मुदत संपायच्या आत, पाहुण्यांना दाखवायला ठेवू नका. आणि रेल्वेने आणत असाल तर वरच्या रॅकवर बॅगांखाली टाकू नका, मांडीशी उभी धरून बसा. डब्यातलं कोणीतरी "वाजवा की राव" म्हणणारच, तेव्हा एफ नसलेलं एखादं गाणं तयार ठेवा.